चौथा ठोका उजवीकडे

हेंद्रेपाडा, बदलापूर पश्चिम
२ फेब्रुवारी २०२५

आबा,

आधी जयभीम घ्या, मग रागवा. फोन तुम्ही उचलत नाही. बारवी धरणाच्या त्या कोपऱ्यात रेंज नसते, असं कारण जनूकाका देतो. मग त्याचा स्वतःचा फोन तिथून कसा लागतो, हे मी त्याला विचारलं नाही. भावासाठी माणसाने एवढं खोटं बोलावं. हे पत्र त्याच्याच भाजीच्या पिशवीतून येतंय, तेव्हा मेथीचा वास आला तर चालवून घ्या.

काम छोटंसं आहे. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीची किल्ली कुठे ठेवलीत? तुमच्या लेझमी त्यात आहेत. आई म्हणते, तिला माहीत नाही. या घरातली हरवलेली सुईसुद्धा आईला माहीत असते, म्हणजे तिला सांगायचं नाही. लेझमी गंजल्या असतील, तेल लावून ठेवीन म्हणते. दुसरं काही नाही.

इकडे सगळं ठीक. मी रोज उल्हासनगरला जाते, त्याच फर्निचरच्या दुकानात, ड्रेसिंग टेबलं आणि आरशाची कपाटं विकायला. तुमचा लेक राजरत्न, आपला राजू, अंबरनाथच्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो आणि दुसऱ्यांच्या पिशव्या तपासून नापास करतो. तुमची आठवण काढत नाही. संध्याकाळी रिक्षा स्टँडवर जाऊन उभा राहतो, पण ते रिक्षा बघायला. बारवीकडून एखादी आली की जरा पुढे सरकतो, बस.

गेल्या वर्षीचं मी उकरणार नाही. जयंतीच्या पथकाच्या सरावात राजूची लेझीम डावीकडे गेली, शेजारच्या पोराच्या कपाळाला लागली, रक्त आलं आणि मागे कुणीतरी हसलं. तुम्ही त्याच्या हातातली लेझीम काढून घेतलीत, गळ्यातली मास्तरची शिट्टी पथकातल्या समीरच्या गळ्यात घातलीत आणि म्हणालात, "हा माझ्या ओळीत नको." त्यावर मी जे बोलले ते मागे घेणार नाही. दोन दिवस जनूकडे जाऊन येतो म्हणालात. तिकडे भात पेरून, लावून, कापून, झोडून झाला, तुमचे दोन दिवस काही संपले नाहीत.

राजू जन्मला तेव्हा डॉक्टरांनी डाउन सिंड्रोम हा शब्द सांगितला होता आणि तुम्ही म्हणाला होतात, नाव काय द्यायचं ते द्या, मी त्याला लेझीम शिकवीन. आई अजून हे सांगते. सांगताना हसते आणि मग गॅस उगाच बारीक करते.

किल्ली तेवढी कळवा.

माया


२३ फेब्रुवारी

आबा,

किल्ली मिळाली. वालाच्या शेंगांत अशी पुरून पाठवलीत, की आई शेंगा सोलायला बसली तेव्हा हाताला लागली. तिने ती पदराला पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठी नव्हती. चालेल. जनूकाका म्हणाला, "तो काय बोलत नाय, पोरी. पन मी शहरातून आलो का पयले पिशवीत बघतो." तुम्ही त्याला हे सांगू नको म्हणाला असाल, तर त्याने सांगितलं नाही असं समजा.

पेटी उघडली. लेझमी जुन्या निळ्या फेट्यात गुंडाळलेल्या, एकीलाही गंज नाही. जाण्याआधी तुम्ही तेल लावून गेलात. म्हणजे माझं निमित्त गेलं, आता खरं सांगते. मी राजूला शिकवतेय. त्याला यंदा जयंतीच्या मिरवणुकीत खेळायचंय. हे खूळ माझं नाही, त्याचं आहे. पेटी खाली काढली तेव्हा तो तिच्यावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "मी खेळणार. ओळीत." मी म्हटलं, घरी खेळू. तो म्हणाला, "ओळीत."

संध्याकाळी गच्चीवर जातो. पहिल्या दिवशी मी तुमच्यासारखी त्याच्या समोर उभी राहिले. पहिला ठोका पायाशी, दुसरा छातीशी, तिसरा डोक्यावर, चौथा उजवीकडे. आणि माझ्या तोंडून तुमचाच आवाज निघाला. गुडघे वाक, कोपर वर, मान ताठ, उजवीकडे राजू, उजवीकडे. पहिले तीन ठोके जेमतेम झाले, चौथा डावीकडे गेला. मी ओरडले की तो माझ्या हाताकडे आणखी डोळे ताणून बघायचा आणि पुन्हा डावीकडे जायचा. शेवटी त्याने लेझीम हळूच खाली ठेवली आणि खाली बसला. त्याचं ते बसणं तुम्हाला ठाऊक आहे. क्रेन आणली तरी उठत नाही.

मग मी त्याच्या कार्यशाळेत गेले. तिथे ऋता मॅडम म्हणून खेळ शिकवतात. त्यांनी आधी विचारलं, मानेचा एक्स-रे काढलाय का. डाउन सिंड्रोममध्ये काहीजणांच्या मानेचे सांधे सैल असतात, तपासल्याशिवाय उड्या, झटके नकोत. तो काढला. डॉक्टर म्हणाले खेळू दे, फक्त डोकं झटकू नको. तर आपलं 'मान ताठ' तिथेच बंद झालं.

नंतर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही एका दमात चार गोष्टी सांगता. तो पहिलीपाशी असतो तेव्हा तुमची चौथी येऊन गेलेली असते. आणि त्याला त्याच्या अंगाचं काही सांगूच नका. कोपर कुठे आहे ते शोधण्यात त्याचा ठोका जातो. अंगाबाहेरचं काहीतरी द्या. बोला कमी, दाखवा जास्त." त्यांच्या वर्गात एक मुलगी चेंडू फेकत होती. हात मागे घे, खांदा वळव, असं कुणी तिला सांगत नव्हतं. चेंडू बादलीत, एवढंच. आणि चेंडू बादलीत जात होता.

घरी येऊन मी कोपर सोडून दिलं. म्हटलं, "राजू, आवाज टाकीवर पाठव." त्याने पाण्याच्या टाकीकडे बघितलं, लेझीम उचलली, आणि कोपर आपोआप वर. छन्न. मग तो विचारू लागला, "आता कुठे?" शेजारच्या नारळावर. पलीकडच्या बिल्डिंगवर. नदीवर. ऊन उतरलेलं असतं, उल्हास नदीकडून गार वारा येतो, आणि आम्ही दोघं तिथे उभे राहून एकेक आवाज लांब सोडत असतो. सोडला की तो हात थांबवतो आणि आवाज पोचेपर्यंत ऐकत राहतो. मलाही मग ऐकू यायला लागतं. परवा त्याने एक बारवीला पाठवला. मिळाला का?

चौथा ठोका मात्र अजून डावीकडेच.

माया


१६ मार्च

आबा,

आज लिहिते आहे ते स्वप्नातलं वाटेल, पण भर दुपारी घडलंय. तुम्ही शांतपणे वाचा, मध्येच पत्र खाली ठेवू नका.

मंगळवारी कार्यशाळेला सुट्टी होती आणि आई मावशीकडे गेली होती, म्हणून राजूला दुकानात नेलं. दुपारी वीज गेली. शटर अर्धं ओढलेलं, खालून उन्हाची एक पट्टी आत आलेली, बाकी सगळा अंधुक उजेड. गल्ल्यावर सेठ पेंगत होते. आमच्या दुकानात दोन्ही भिंतींना आरशाची कपाटं आहेत, समोरासमोर. पंखे बंद पडले की तिथे पाण्याखाली असल्यासारखं शांत होतं.

मी एका मोठ्या आरशासमोर उभी होते. गिऱ्हाईक नाही, काम नाही. हातात लेझीम नसताना माझे हात आपले चालू झाले. पायाशी, छातीशी, डोक्यावर, उजवीकडे. मागे छन्न झालं. आरशात बघितलं तर राजू माझ्या पाठीमागे उभा. पिशवीतून त्याने लेझीम कधी काढली कुणास ठाऊक. मी पुन्हा केलं. पायाशी, छातीशी, डोक्यावर. आणि चौथा, आबा, उजवीकडे. माझा हात गेला तिकडेच त्याचा गेला. मी परत केलं, परत उजवीकडे. समोरच्या आरशातून मागच्या आरशात, तिथून परत पुढे, राजूच राजू उभे होते, एक आख्खं पथक, लांबवर गेलेलं, आणि ओळ कुठेच मोडत नव्हती. मला तिथून हलावंसं वाटेना.

सेठ जागे झाले. "अरे भई, जयंती आज है क्या? काच संभालना, बाबा," म्हणाले. मग त्यांनीच स्टूल बाजूला ओढून राजूला जागा करून दिली.

मी आनंदाने वळले आणि त्याच्याकडे तोंड करून पुन्हा दाखवलं. चौथा ठोका डावीकडे गेला. पाठ केली, उजवीकडे. तोंड केलं, डावीकडे. तेव्हा मी त्या स्टुलावर बसले आणि मला रडू आलं. राजूने मला त्याच्या बाटलीतलं पाणी दिलं.

कळलं का तुम्हाला? आपण सगळे शब्द ऐकतो. मास्तर 'उजवीकडे' म्हणाला, की त्याचा हात कुठे गेला हे आपण बघतच नाही, आपण आपल्या उजवीकडे वळतो. राजूला शब्द उशिरा पोचतो. तो हात बघतो. तुम्ही समोर उभे, तुमचा उजवा हात त्याला त्याच्या डाव्या अंगाला गेलेला दिसतो, तर तो डावीकडेच जाणार. तुम्ही 'उजवा, उजवा' ओरडत होतात तेव्हा तो आणखी नीट बघत होता आणि आणखी नीट डावीकडे जात होता. इतकी वर्षं तो तुमचं अजिबात मोडत नव्हता, आबा. तुम्ही जिकडे गेलात तिकडेच तो गेला.

ऋता मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येकाचं असंच असेल असं नाही, पण याचं असं असेल तर याच्या पुढे उभ्या राहा, समोर नको. आता मी गच्चीवर त्याच्याकडे पाठ करून उभी राहते. तो दिसत नाही, फक्त ऐकू येतो. चारही ठोके माझ्यासोबत पडतात. कधीकधी वाटतं मी एकटीच आहे आणि माझाच आवाज थोडा उशिरा येतोय.

माया


३० मार्च

आबा,

तुमचं उत्तर मी तुमच्या वतीने वाचलंय. मास्तर पथकाला पाठ दाखवत नाही. तुमच्या उस्तादांनी घालून दिलेला नियम, तुमच्याकडून समीरकडे गेलेला. तुम्ही विहारापासून चौकापर्यंत आख्खी मिरवणूक उलटं चालायचात, तोंड ओळींकडे. खड्डा आला की आई गर्दीतून 'खड्डा' म्हणायची आणि तुम्ही न बघता पाय बाजूला टाकायचात. मी लहानपणी समजायचे की सगळ्यांचे वडील जयंतीला उलटे चालतात.

म्हणून तुमच्या नियमाला हात न लावता समीरकडे गेले. त्याने चहा मागवला आणि मान खाजवत बसला. "ताई, राजूचा मला काय इश्यू नाय. पण मंडळातले लोक बोलतात ना, लास्ट टाइम पोराला लागलं होतं. परत झालं तर मैं क्या बोलूँ सबको?" मी त्याला गच्चीवर आणलं. राजू माझ्या मागे उभा राहिला. समीरने चारही ठोके पूर्ण बघून घेतले. मग म्हणाला, "मास्तरांनी हे बघायला पाहिजे होतं." मी म्हटलं, मास्तर शेतीत आहेत.

तर असं ठरलंय. राजू शेवटच्या ओळीत, मी त्याच्या पुढच्या ओळीत, बरोब्बर त्याच्या पुढे. मास्तर कुठेही तोंड करो, राजूला माझी पाठ दिसणार. मंडळानेही मान डोलावली. राजूला पांढरा सदरा शिवायला टाकलाय. शिंप्याने माप घेताना 'हात वर' म्हटलं तर हा म्हणाला, "कुठे पाठवू?" शिंप्याला काही कळलं नाही. आम्ही सांगितलंही नाही.

एक अडचण राहिली आहे. चौकातली सलामी. ती तुम्हीच बसवलेली, पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता जनूकाका घाई करतोय.

माया


९ एप्रिल

आबा,

रंगीत तालीम झाली. घडलं ते घडलं तसंच सांगते.

चौकात आपली सलामी असते. पथक थांबतं, एक ओळ सोडून एक ओळ मागे वळते, ओळी तोंडासमोर तोंड करून खेळतात, आणि लोक त्यासाठीच गच्च्यांवर उभे असतात. माझी ओळ वळणारी आहे. म्हणजे मला राजूकडे तोंड करावं लागतं.

मी वळले. मी वळले म्हणून तोही वळला. सगळ्या ओळीची तोंडं इकडे आणि याची एकट्याची पाठ, मान मागे वळवून मला शोधत. कुणी हसलं नाही, हे मुद्दाम सांगते. समीरने त्याला परत उभं केलं, सांगितलं, वळायचं नाही. मग तो माझ्याकडे बघत उभा राहिला, आणि चौथा ठोका डावीकडे. शेजारच्या वैष्णवीने डोकं मागे घेतलं म्हणून वाचली. राजूने लेझीम खाली ठेवली आणि मैदानात बसला.

मी उलट्या हाताने करून बघितलं, म्हणजे त्याला सुलटं दिसावं. पण मग माझीच लेझीम माझ्या शेजारणीला लागते. ओळीत एकासाठी वेगळं करता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंय. समीरला म्हटलं, यंदा सलामी नको. तो बिचारा तोंडावर हात फिरवत म्हणाला, "ती सुदाम मास्तरांची सलामी आहे, ताई. मी कसा काढू? लोक मला काढतील." मग त्यानेच तोडगा दिला. चौक आला की राजूला पाणी प्यायला बाजूला न्यायचं, सलामी झाली की परत आणायचं.

हे मी राजूला सांगितलं. बदलापूरच्या उन्हात ताडगोळे खात बसलो होतो. त्याने हातातला ताडगोळा संपवला. मग म्हणाला, "मला तहान नाही."

त्याला सगळं कळलं होतं, आबा. गेल्या वर्षीही कळलं होतं. आपण त्याच्यासमोर बोलतो आणि समजतो की शब्द उशिरा पोचतात म्हणजे पोचतच नाहीत.

मी तुम्हाला या असं म्हणत नाही. तुमच्या दोन ओळी हव्यात. 'यंदा सलामी करू नका, सुदाम.' एवढं लिहून भाजीत घालून पाठवा. समीर तुमचं अक्षर ओळखतो. जयंतीला राजूला ओळीतून काढलं, तर तो पुन्हा लेझीम उचलणार नाही. मी त्याला ओळखते आणि तुम्हीही ओळखता, कारण इथून गेल्यापासून तुम्हीसुद्धा लेझमीला हात लावला नाहीत.

हल्ली मला दुपारी दुकानात डुलकी लागते आणि एकच दिसतं. चौक आहे, लोक आहेत, आवाज अजिबात नाही, आणि राजू पाण्याचा ग्लास हातात धरून रस्त्याच्या कडेला उभा आहे. तो पाणी पीत नाही.

दोन ओळी, आबा.

माया


१५ एप्रिल

आबा,

तुम्ही आतल्या खोलीत झोपला आहात आणि मी बाहेर बसून तुम्हाला पत्र लिहितेय. आई म्हणाली, "येडी झालीस काय, उठले की बोल." पण आपण समोरासमोर बोलायला गेलो की भांडतो, हे तिला माहीत आहे. तुम्ही उद्या परत जाणार की राहणार, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. आईने भाताला दोन मुठी जास्त तांदूळ घेतलेत. पायांना सूज आहे, उठलात की कोमट पाण्यात ठेवा.

तुमच्या दोन ओळी आल्या नाहीत. रविवारी जनूकाकाने कारली आणली, मी एकेक कारलं उलटसुलट करून बघितलं. काल संध्याकाळी फेटा बांधताना मी ठरवलं होतं, चौक आला की राजूचा हात मी धरायचा, दुसऱ्या कुणी नाही.

तुम्ही गर्दीत कधी आलात, मला माहीत नाही. चौकापर्यंत सगळं बरं गेलं. विहारापासून मला माझ्या मागे तो ऐकू येत होता. ढोल, ताशा, बेंजो, लोकांची आरडाओरड, त्या सगळ्यातून त्याचीच लेझीम मला वेगळी ऐकू येत होती. गच्च्यांवरून निळा गुलाल पडत होता, दिवे नुकतेच लागले होते, संध्याकाळ सगळी निळी झालेली. पाय जमिनीला लागतायत की नाही, मला कळत नव्हतं. मग समीरची शिट्टी झाली, पथक थांबलं, आणि कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन राजूकडे यायला लागलं.

राजूने बाटलीकडे बघितलंच नाही. दुसरी शिट्टी झाली, मी वळले. तो वळणारच होता, त्याचा खांदा फिरलासुद्धा होता. आणि तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिलात.

जनूकाकाचा सदरा अंगावर, पायात शेतातल्या चपला, हात रिकामे. तोंड माझ्याकडे. तुमची पाठ राजूला. आख्ख्या हेंद्रेपाड्यासमोर सुदाम मास्तर ओळीला पाठ करून उभा होता. आमच्या ओळीतल्या म्हाताऱ्या अंजनीबाई ठोका चुकल्या, त्या कधी चुकत नाहीत. समीरची शिट्टी तोंडातच राहिली. आणि तुमचे रिकामे हात खाली गेले. पायाशी.

तुम्हाला तुमच्या मागे काय झालं ते दिसलं नाही, म्हणून हे पत्र. मला तुमच्या खांद्यावरून तो दिसत होता. त्याने तुमची पाठ ओळखली. लगेच ओळखली, तुम्ही वळायची वाट बघितली नाही. त्याचा फिरलेला खांदा जागेवर आला. पायाशी, छातीशी, डोक्यावर. चौथ्या ठोक्याला तुमचा हात उजवीकडे गेला आणि त्याची लेझीम उजवीकडे गेली, वैष्णवीच्या लेझमीच्या शेजारी, सगळ्या ओळीबरोबर. तो हसत नव्हता. कार्यशाळेत पिशव्या तपासतो तेव्हा जसा असतो तसा होता, कामात.

आणि तुमचा चेहरा मला दिसत होता. त्याला नाही, लोकांना नाही, फक्त मला. त्याबद्दल मी कुणाला सांगणार नाही, आईलाही नाही.

सलामी संपली, परतीची शिट्टी झाली. पथक चौकातून मागे फिरतं तेव्हा शेवटची ओळ पहिली होते, हे एवढ्या दिवसांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तुम्ही वळलात, तसा राजूही वळला. त्याच्यापुढे आता कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, निळा, आणि टोकाला विहाराचे दिवे. तुम्ही त्याच्या पुढे जाल असं मला वाटलं, जागा होती. तुम्ही गेला नाहीत. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने विहाराकडे बघितलं आणि पहिला आवाज तिकडे सोडला.

तुम्ही त्याच्या मागे चालू लागलात. आयुष्यात पहिल्यांदा सरळ चालत होतात, मिरवणुकीत, आणि तुमच्या मागून मी. तो वाकला की तुम्ही वाकत होतात. तो जरा उशीर करायचा, तुम्हीही तेवढाच उशीर करायचात. विहाराच्या अलीकडे तो दमला होता, आणि तिथे त्याचा चौथा ठोका डावीकडे गेला. ओळ उजवीकडे, तो एकटा डावीकडे. मी तुमच्याकडे बघत होते, आबा. तुमचे हात डावीकडे गेले.

माया